झान नावाच्या बायका

"पोरीला माझं नाव द्या," आत्या म्हणाली, आणि आईच्या हातातली तांदळाच्या पिठाची परात सुटता सुटता राहिली.

ओटीवर आम्ही चौघंच होतो. आई, आत्या, माझा थोरला भाऊ सिलू आणि मी. आतल्या खोलीत ल्युसीवहिनी बाळाला घेऊन पडली होती. मायलेकी दवाखान्यातून नुकत्याच घरी आल्या होत्या आणि येत्या रविवारी बाप्तिस्मा ठरला होता.

"काय म्हणालीस बाय?" आईनं विचारलं. ऐकू तर तिला स्वच्छ आलं होतं.

"नाव म्हणते. झान ठेवा. मी आजवर या घरात काही मागितलंय का?"

सिलूनं माझ्याकडे पाहिलं, मी सिलूकडे. खरंच मागितलं नव्हतं. साधं नवीन लुगडंसुद्धा नाही. घरात आम्ही आमची सामवेदी बोलतो, पण ती तुम्हांला झेपायची नाही, म्हणून मी आपली पुस्तकातल्या मराठीत सांगतेय. आत्याच्या तोंडून ते वाक्य याहून दुप्पट ठसक्यात आलं होतं एवढं धरून चाला.

"अगं, पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव," आई म्हणाली. "ही रीत काय मी काढली? मोनिकाला नाही का तुझ्या आईचं ठेवलं? तेव्हा मी हूं की चूं केलं का?"

मोनिका म्हणजे मी. आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत नावं अशीच उतरतात. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. त्यामुळे एकच नाव घराण्यात पुन्हापुन्हा येतं आणि माणूस मेलं तरी त्याची हाक घरातून जात नाही. माझं नाव आत्याच्या आईचं, म्हणून लाडात आली की आत्या मलाच "आये" म्हणायची. आणि ज्या बाईला मूल नाही, नातवंड नाही, तिचं नाव तिच्याबरोबर मातीत जातं. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं.

"दुसरी झाली असती तर तिला ठेवा म्हटलं असतं," आत्या म्हणाली. "पण डॉक्टरनं काय सांगितलंय ते ऐकलंय मी. दुसरं होणार नाही."

"म्हणूनच तर!" आई म्हणाली.

सिलू आपला गरीब. "दोन्ही नावं ठेवू की," म्हणाला. "झान फेलिसियाना."

"कागदावर दोन लिहाल. हाक कुठली मारणार?" आईनं परात खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "बाय, ऐक. हे घर तुझ्या बापाचं. वाडी तुझ्या भावाची, तीही तूच राखलीस. पोरं माझ्या पोटची, पण बसायला तुझ्याजवळ, हसायला तुझ्याजवळ. माझी तक्रार नाही, तुझे उपकारच आहेत. पण या घरात माझं म्हणावं असं काय आहे? एक नाव आहे. तेवढं तरी माझ्यामागं राहू दे."

आत्यानं कमरेची पिशवी चाचपली, तंबाखूची चिमूट काढली, परत ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "मग फ्रॉक मी शिवते. धर्ममाता म्हणून मान मोनिकाचा आहे, पण तिला सुई धरता येत नाही."

ते मात्र खरं होतं.

आता ही झान काय भानगड आहे ते सांगायला हवं. आमच्या आळीत इसाबेली होत्या, नाताली होत्या, कार्मेलिनी तर पैशाला पासरी. झान एकच. आत्या जन्मली ती निळी-काळी पडलेली, रडेना. त्या काळी आमच्याकडे एक फ्रेंच सिस्टर दवाखाना चालवायची. ती चिखल तुडवत आली, पोरीला उलटी धरून थोपटलं, आणि ही काही जगत नाही असं वाटल्यावर निदान बाप्तिस्मा तरी होऊ दे म्हणून तांब्यातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. नाव काय, असं विचारायलासुद्धा वेळ नव्हता. सिस्टरनं आपलंच देऊन टाकलं, झान. पाणी डोक्यावर पडलं आणि पोरीनं भोकाड पसरलं. बाप्तिस्मा काही दोनदा होत नाही, त्यामुळे नाव कायमचं राहिलं. आत्याच्या आजीनं म्हणे वर्षभर तोंड फुगवलं होतं, कारण ते नाव तिचं असायला हवं होतं.

पुढे त्या सिस्टरनं आत्याला जवळ बसवून भरतकाम शिकवलं, आणि भरता भरता आपल्या मुलखातल्या झाना सांगितल्या. आत्यानं त्या आम्हांला सांगितल्या, केळीच्या बुंध्याशी बसून, मोगऱ्याच्या कळ्या खुडताना. आणि सांगायची पण कशी! बोव्हे नावाच्या शहराला वेढा पडलाय, शत्रूचा शिपाई तटावर चढून झेंडा रोवतोय, आणि एक साधी पोर कुऱ्हाड घेऊन त्याच्यावर धावते, त्याला खंदकात लोटते आणि झेंडा घेऊन घरी येते. "राजा इतका खूश झाला," आत्या सांगायची, "की त्यानं हुकूम काढला. दर वर्षीच्या मिरवणुकीत बायका पुढे, बाप्ये मागे!" इथं ती कोयता हवेत फिरवायची. आम्ही दोघं श्वास धरून बसलेलो असायचो.

दुसरी झान शेतमजुराची पोर. झाडापाल्याची तिला फार जाण. बाईला जहाजावर घेत नाहीत म्हणून तिनं बाप्याचे कपडे चढवले, छातीला पट्ट्या आवळल्या आणि एका वनस्पतींच्या पंडिताची नोकर म्हणून जहाजावर चढली. पृथ्वीला वळसा घालून आलेली पहिली बाई ती. "ही बघ," आत्या कुंपणावरच्या बोगनवेलीकडे बोट करायची, "हिला नाव पडलं ते त्या जहाजाच्या कप्तानाचं. आणि पाला गोळा करून पाठ मोडली ती आमच्या झानची."

तिसरी शिवणकाम करणारी. पायी चालत पॅरिसला गेली, राजघराण्यातल्या नवरीचा झगा भरला, आणि मग समुद्राकाठी राहायला गेली तर काचेच्या पेट्या करून त्यात समुद्रातले जीव पाळायला लागली. एक आठ पायांचा जीव होता, शंखात राहणारा. सगळे विद्वान म्हणत, शंख ह्याचा नाहीच, दुसऱ्याचा चोरलाय. हिनं पेटीत ठेवून बघितलं, तर त्या जिवाची मादी आपला शंख आपणच बांधत होती.

आणि सगळ्यांत थोर ती संत झान, शेतकऱ्याची पोर, सतरा वर्षांची असताना फौजेच्या पुढे घोड्यावर बसून गेलेली. तिची तसबीर आमच्या चर्चमध्येच होती.

आत्या ह्या सगळ्यांना "आमची" म्हणायची. आमची बोव्हेची, आमची जहाजावरची. आणि आमच्यात तर नाव म्हणजे नातं. मग मी काय समजणार? मी समजले, ह्या सगळ्या आत्याच्या आज्या-पणज्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात फादर इलियासनी तसबिरीकडे बोट करून विचारलं, ही कोण, तर मी उभी राहून खणखणीत सांगितलं, "आमच्या आत्याची पणजी!" वर्ग खो खो हसला. फादरनी कान धरला. मी रडत घरी आले तेव्हा आई म्हणाली, "बघ, तुमच्या आत्यानं काय भरवून ठेवलंय डोक्यात. त्या झाना न् फाना!" आई असंच म्हणायची. गोष्ट सुरू झाली की ती पदर खोचून चुलीकडे जायची. आणि एक सांगते, आत्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही. समोर "बाय", मागे "तुमची आत्या". आत्याला झान म्हणून मारलेली हाक मी आईच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती.

पण आत्यानं नुसत्या गोष्टी सांगितल्या असं नाही. मी पाळण्यात होते तेव्हा आमचे पप्पा तापानं गेले. आमची पानवेल होती तेव्हा, सगळं घर त्या विड्याच्या पानांवर चालायचं. आणि आमच्या आळीत तर पानवेलीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर वेल जळते, असा पक्का समज. गडी मिळेना, वेली लोळायला लागल्या. एके सकाळी आत्यानं पप्पांची खाकी अर्धी चड्डी आणि सदरा चढवला, डोक्यावर त्यांची टोपी घातली आणि सरळ पानवेलीत शिरली. आळीतले बाप्ये कुंपणाशी जमले.

"बाई बाहेर ये!" एक ओरडला.

"कोण बाई?" आत्या आतून म्हणाली. "इथं तुम्हांला कुणी बाई दिसते का?"

वेल जळली नाही. उलट जोमानं चढली. पण आत्याचं ठरलेलं लग्न मात्र मोडलं. चड्डी घालणारी सून आम्हांला नको, असा मुलाकडून निरोप आला. त्या पानांवर सिलू शिकला, मी शिकले. हे सगळं आम्हांला आळीनं सांगितलं. आत्यानं कधी शब्द काढला नाही, आणि आईनंही नाही.

तर आता नाव नाकारल्यावर आत्या खिडकीशी फ्रॉक घेऊन बसली. आमच्याकडे बाप्तिस्म्याचा फ्रॉक बाळाच्या पायांखाली हातभर लोंबेल एवढा लांब असतो. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भरतात. आत्याला आता चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं. सुई नाकाशी धरून ती टाका टाका घालायची आणि कुणी जवळ गेलं की कापड मांडीखाली सारायची.

आईला ते लगेच खटकलं. "ती घेरावर अक्षरं भरतेय," तिनं मला मागच्या दारी ओढून सांगितलं. "मी बघितलं, अक्षरंच आहेत. आपलं नाव भरतेय ती. म्हणजे रविवारी सगळ्या आळीसमोर फ्रॉकवर एक नाव आणि तुझ्या तोंडात दुसरं. माझी शोभा करायची आहे तिला."

"आत्या असं नाही करायची."

"तू तिचीच बाजू घेणार. धर्ममाता तू आहेस, नाव तू सांगणार आहेस. फेलिसियाना म्हणायचं. फ्रॉकवर काहीही असू दे. म्हणशील ना?"

"म्हणेन गं आई."

म्हटलं खरं, पण मला खात्री नव्हती. आत्या हट्टी होती. पानवेलीत शिरलेली बाई, तिला चर्चच्या दारात कोण अडवणार? आणि खरं सांगायचं तर मनातून मला तिनंच जिंकावं असं वाटत होतं. आईच्या बाजूनं असा विचार मी कधी केलाच नव्हता. आई म्हणजे चूल, दळण, भाकरी. तिच्यात बघण्यासारखं काय आहे, असं मला चोविसाव्या वर्षीसुद्धा वाटायचं.

रविवारी आम्ही चर्चच्या पडवीत जमलो. आळीतल्या बायका लाल लुगडी नेसून आल्या होत्या. फादर इलियास म्हातारे झाले होते, पण वही, पेन आणि कपाळावरची आठी होती तशीच होती. बाळाला मी बाकावर ठेवलं. आत्यानं काखेतलं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. आई माझ्या खांद्याशी आली. तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

मी गाठोडं सोडलं. फ्रॉक उलगडला तसा बायकांनी "अगो बाय!" केलं. घेराभर पानवेल फिरली होती. पान न् पान, शीर न् शीर, नाजूक वळलेले देठ. आणि पानांच्या मधून अक्षरं. मी वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"काय आहे?" आईनं विचारलं. "सांग, काय लिहिलंय?"

"तूच बघ."

आई दुसरी शिकलेली. तिनं एकेका अक्षराखाली बोट धरलं. फे. लि. सि. तिथं बोट थांबलं, मग पुढे गेलं. या. ना.

"पानवेल का भरली गं?" तिनं आत्याला विचारलं.

"मग काय भरू?" आत्या तोंड न वळवताच म्हणाली. "त्याच वेलीवर वाढली तुझी पोरं. घाला तो फ्रॉक लवकर, पोर गारठेल."

मी फ्रॉक घातला. आम्ही दारात उभे राहिलो. फादरनी चष्मा सारखा केला आणि विधीप्रमाणे विचारलं, "या बालिकेचं नाव काय ठेवता?"

मी तोंड उघडलं, तोच आईनं माझं मनगट पकडलं. एवढं घट्ट, की बांगडी रुतली.

"झान," आई म्हणाली.

फादरना वाटलं आपल्या कानांत काही बिघडलंय. "फेलिसियाना ना? मी वहीत लिहून ठेवलंय."

"खोडा."

"अहो फेलीबाय, हे नाव आजीचं ना पणजीचं. तुमच्या घराण्यात हे आलं कुठून?"

"आलंय फादर, लांबून आलंय," आई म्हणाली. चार माणसांत तोंड न उघडणारी माझी आई! "एक तर ती तुमच्या भिंतीवरच आहे, घोड्यावरची. माझ्या मोनिकाचा कान धरला होतात तुम्ही तिच्यापायी. मग ती बोव्हेची, तटावर कुऱ्हाड घेऊन धावलेली. मग ती जहाजावरची, छातीला पट्ट्या बांधून पृथ्वीला फेरा मारून आलेली. आमच्या कुंपणावर फुलते ना बोगनवेल, तो पाला गोळा करणारी. मग ती पॅरिसला चालत गेलेली. शंख चोरीचा नाही, त्या जिवानं आपला आपण बांधलाय, हे जगाला दाखवलंन तिनं. मग आपली सिस्टर, चिखलातून आली आणि मेल्या पोरीवर पाणी घातलंन."

मी आ वासून बघत होते. एकही झान तिनं गाळली नव्हती, एकीचंही काही चुकलं नव्हतं. म्हणजे चुलीशी पाठ करून ही बाई इतकी वर्षं सगळं ऐकत होती.

"आणि एक आमच्या घरातली," आई म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा माझी पोरं उपाशी मरणार होती. ही चड्डी घालून पानवेलीत शिरली. लग्न मोडल्याचा निरोप आला तेव्हा मीच तो वाडीत नेऊन सांगितला. वेल बांधत होती. मागं न बघता म्हणाली, 'वहिनी, बरं झालं, आता संध्याकाळचं पाणी चुकणार नाही.' मग दिवसभर वेलीतून बाहेर आली नाही. मी कुंपणाशी उभी होते फादर. आत जायची माझी छाती झाली नाही. ह्या सगळ्यांचं नाव हिच्यावर येऊन संपवू का मी? माझ्यानं नाही व्हायचं. झान लिहा."

फादरनी वही उघडली. पण त्याआधीच आत्या फिरली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अगं वहिनी, वेड लागलं का तुला? आठ दिवस डोळे फोडून तुझं नाव भरलंय मी! आणि नाव तरी केवढं, संपता संपेना! आता म्हणतेस झान?"

आधी बायका हसल्या, मग सिलू हसला, आणि शेवटी फादर इलियास हसले, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"राहू दे की भरलेलं," आई डोळे पुसत म्हणाली. "पोरीच्या अंगावर माझं, हाकेला तुझं. वाद मिटला."

फादरनी खोडलं आणि लिहिलं. मग पाणी पडलं आणि आमच्या छोट्या झाननं चर्च दणाणून सोडलं. मी बाळ धरून उभी होते, पण नजर आईवरून हलेना. लहानपणापासून मी आत्याकडे मान वर करून बघत आले होते, आणि तटावर चढणाऱ्या, समुद्र ओलांडणाऱ्या त्या सगळ्या बायकांकडे. त्या दिवशी जी थोर बाई मी पाहिली ती माझ्या शेजारी उभी होती, हाताला पिठाचा वास येणारी. जवळ होतं तेवढं एकच, तेही तिनं देऊन टाकलं होतं.

विधी संपला. घरी जाताना बाळाला घेऊन आजी पुढे चालते, ही आमच्याकडची रीत. मी बाळ आईकडे दिलं. तिनं एकदा फ्रॉकच्या घेरावरून हात फिरवला आणि बाळ आत्याच्या हातात ठेवलं.

"चाल पुढे," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी मागनं येते. फ्रॉकवर नाव आहे माझं, हरवत नाही मी."

सिलू ऐटीत पुढे व्हायला निघाला. आईनं त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढलं. "तू कुठं? बोव्हेत बायका पुढे असतात."

आत्या निघाली. पांढरा फ्रॉक तिच्या हातावरून गुडघ्यांपर्यंत लोंबत होता, आणि ती खाली बघत सांभाळून पावलं टाकत होती. तिच्यामागे आम्ही, आणि आमच्यामागे सगळे बाप्ये. चिंचेची सावली संपून रस्ता उन्हात आला.

"झान!" मागून आई ओरडली. "पोरीच्या डोक्यावर ऊन येतंय!"

आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली. इतक्या वर्षांत आईनं तिला नावानं मारलेली ती पहिली हाक होती.

"ओ," आत्या म्हणाली, आणि पदर ओढून तिनं बाळाच्या डोक्यावर धरला.